मदत हवी आहे: सॉलिडवर्क्सची स्किड असेम्ब्ली रेव्हिटमध्ये, कनेक्टर कायम ठेवून

वाळूजला आमचं पंपिंग स्किडचं (एकाच चौकटीवर बसवलेले पंप आणि पाइप) काम चालतं, डिझाइन सॉलिडवर्क्स या यंत्रांच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये होतं. शेंद्र्यातल्या एका प्लांटसाठी बीआयएम (इमारतीचं माहितीसह थ्रीडी मॉडेल) सल्लागारांनी स्किडची रेव्हिट फॅमिली, म्हणजे रेव्हिट या इमारतींच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ठेवता येणारा तयार घटक, मागितली आहे. बाहेरची मापं, सर्व्हिसची मोकळी जागा आणि प्रत्येक नोझलला (पाइप जोडायचं तोंड) पाइप कनेक्टर (मॉडेलमध्ये पाइप जिथे जोडला जातो ती जागा) एवढं त्यांना पुरेसं आहे. नट-बोल्ट, इंपेलर काहीही नको.

असेम्ब्लीतून डीफीचरने (बारीक तपशील काढून मॉडेल सोपं करणारं सॉलिडवर्क्सचं टूल) आतले पार्ट काढून सॅट फाइल (थ्रीडी आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी) बनवली आणि फॅमिलीत इंपोर्ट केली. आधी स्किड आडवी पडली, कारण सॉलिडवर्क्समध्ये वर वाय अक्ष असतो, रेव्हिटमध्ये झेड. नवीन कोऑर्डिनेट सिस्टिम देऊन ते सुटलं. आयएफसी (बीआयएम मॉडेल देवाणघेवाणीची खुली फाइल) करूनही पाहिलं, आकार नीट येतो पण कनेक्टर येत नाहीत.

खरी अडचण पुढची आहे. इंपोर्ट केलेल्या फ्लॅन्जच्या (नोझलच्या टोकाची जोडायची चकती) फेसवर कनेक्टर बसतो, पण डिझाइन बदललं की नवी सॅट आणावी लागते आणि सगळे कनेक्टर जातात. क्लायंट नोझलची जागा सारखी बदलतोय, त्यामुळे हे दरवेळी परवडत नाही.

इन्व्हेंटरमधून (रेव्हिटच्याच कंपनीचं यंत्र-डिझाइन सॉफ्टवेअर) कनेक्टरसकट फॅमिली निघते हे माहीत आहे, पण त्याचं लायसन्स आमच्याकडे नाही आणि या कामापुरतं घेणं शक्य नाही.

म्हणून विचार असा आहे की नोझलच्या जागी रेव्हिटमध्येच छोटे सिलिंडर काढावेत, त्यांची जागा पॅरामीटरने (बदलता येणाऱ्या मापाने) बांधावी, कनेक्टर त्यांच्यावर बसवावेत आणि सॅट फक्त दिसण्यापुरती ठेवावी. असं कुणी प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये केलंय का? सॅट बदलल्यावर आणि फॅमिली पुन्हा लोड केल्यावर आधी जोडलेले पाइप टिकतात का?