मदत हवी आहे: चकचकीत पाकिटांवरचा बारकोड

अँड्रॉइड फोन, टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय), दृष्टी शून्य. सीइंग एआय या कॅमेऱ्यासमोरचं बोलून सांगणाऱ्या अ‍ॅपच्या प्रॉडक्ट चॅनेलवर (बारकोडवरून वस्तू ओळखणाऱ्या भागात) खोकी, डबे सहज वाचता येतात: फोन वीतभर वर धरायचा, वस्तू हळूहळू फिरवायची, बीप जलद झाली, म्हणजे बारकोड समोर आला, की हात स्थिर. अडतं ते मऊ, चकचकीत पाकिटांवर. बीप येते, कोड वाचला जात नाही. सुरकुतीने रेघा वाकतात, उजेड चमकतो. फ्लॅश बंद करणं, पाकीट टेबलावर ताणून धरणं, फोन तिरका करणं, लेन्स पुसणं, सगळं झालं. डोळस मदतनीस जवळ नसतो.

आता ब्लूटूथ स्कॅनरचा विचार आहे. तो कोडचे १३ आकडे कीबोर्डसारखे टाइप करतो, पण नुसते आकडे काय कामाचे! त्यांवरून वस्तूचं नाव बोलणारं आणि नाव न सापडल्यास आपलं लेबल जोडू देणारं, टॉकबॅकशी जुळणारं अ‍ॅप कोणतं?