नाझी जर्मनीतील ज्यू वेळीच बाहेर का पडले नाहीत?

प्रश्न (जिज्ञासू): ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला आणि सरसकट कत्तल सुरू झाली ती १९४१ मध्ये. मधल्या आठ वर्षांत पुढचे संकट ज्यूंना दिसले नाही काय?

दप्तरी: आपल्याला शेवट ठाऊक आहे, म्हणून हा प्रश्न पडतो. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढले. परंतु राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहाखातर पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट मिळाली आणि त्या सवलतीच्या आधारावर अनेकांनी हेही दिवस जातील अशी आशा धरली. १९३५ च्या न्यूर्नबर्ग कायद्यांनी नागरिकत्व हिरावले, तेव्हा ती सूटही संपली. ज्यू कोण, हे आता आजी-आजोबांच्या नोंदींवरून ठरत असल्याने बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेलेही सुटले नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) जाळले गेले, सुमारे ३०,००० पुरुषांना छावण्यांत डांबले आणि वर १ अब्ज मार्कांचा दंड ज्यूंनाच ठोठावला. देश सोडणाऱ्याला जबर कर भरावा लागे. त्यातच जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे निर्वासितांच्या प्रश्नावर जमलेल्या ३२ देशांपैकी बहुतेकांनी हात वर केले होते. तरीही युद्ध पेटेपर्यंत निम्म्याहून अधिक ज्यू जर्मनीबाहेर पडले होते, त्यामुळे प्रश्नाचे शीर्षकच मला थोडे अन्यायाचे वाटते.

माळरान: केवळ ज्यूंकडे पाहिल्यास अर्धीच साखळी हाती लागते. जुलै १९३३ च्या कायद्याखाली सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. १९३६ च्या ऑलिंपिकआधी बर्लिनमधील रोमा आणि सिंती (तथाकथित ‘जिप्सी’) कुटुंबांना मार्ट्सानच्या छावणीत हलवले. अपंग आणि मनोरुग्ण यांना मारण्याच्या ‘टी-४’ योजनेत ऑगस्ट १९४१ पर्यंत ७०,००० हून अधिक बळी गेले, आणि विषारी वायूच्या बंद खोल्या प्रथम तेथेच वापरल्या गेल्या. बिशप फॉन गालेन यांनी जाहीर प्रवचनातून निषेध केल्यावर ती अधिकृतपणे थांबली (हत्या मात्र गुपचूप चालूच राहिल्या). पुढे तिच्यातील अनेक कर्मचारी बेल्झेक, सोबिबोर आणि त्रेब्लिंका या ज्यूंच्या संहार छावण्यांत नेमले गेले.

जिज्ञासू: मग ज्यूंच्या सरसकट कत्तलीचा अंतिम निर्णय बर्लिनमधील वान्झे येथे झालेल्या नाझी अधिकाऱ्यांच्या बैठकीत झाला, हे खरे नाही का?

दप्तरी: २० जानेवारी १९४२ ची ती बैठक मुख्यतः सरकारी खात्यांचा मेळ घालण्यासाठी होती. त्याच्या चार महिने आधीच, २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत, कीव्हजवळच्या बाबी यार घळीत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या होत्या, आणि हा आकडा मारेकऱ्यांच्याच अहवालातील आहे.