आयर्लंडमधील ट्रिम येथे एका दिवसात काय पाहावे?

पंचगंगाकाठ : नमस्कार. आम्ही उभयता कोल्हापूरहून डब्लिनला मुलीकडे जात आहोत. पन्हाळा आणि खिद्रापूर अनेकदा पाहिल्याने दगडी बांधकामाची ओढ आहे. बॉइन नदीकाठच्या ट्रिम या छोट्या गावासाठी एक दिवस राखला आहे. तेथे कोणत्या वास्तूंना अधिक वेळ द्यावा?

गडवेडा : अर्धा दिवस किल्ल्यालाच द्यावा. ह्यू द लेसी या नॉर्मन सरदाराने बाराव्या शतकात आरंभिलेल्या या किल्ल्याच्या मध्यभागी क्रुसाच्या आकाराचा वीस बाजूंचा बालेकिल्ला असून, त्याला चारही अंगांनी जोडलेल्या बुरुजांपैकी आज तीनच उभे आहेत. पन्हाळ्यासारखी डोंगराची नैसर्गिक आड येथे नाही. सारी भिस्त भिंतींवर आणि पाण्यावर होती. नदीपलीकडे मठाचा भग्न घंटामनोरा दिसतो. मावळतीच्या उन्हात तो पिवळा भासतो, म्हणून त्याला ‘पिवळा मनोरा’ म्हणतात.

करवीरकर : गावातील १८१७ सालचा वेलिंग्टनचा स्तंभ चुकवू नये. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा तो हाच आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तारुण्यात तो आयरिश संसदेत ट्रिमचा प्रतिनिधी होता. स्तंभ मात्र, माझ्या मते, दोन मिनिटांत पाहून होतो.

पंचगंगाकाठ : आभारी आहे. जवळच्या न्यूटाउन येथील भग्नावशेषांपर्यंत चालत जाता येईल का?

गडवेडा : अवश्य, नदीकाठाने पायवाट आहे. तेथील सोळाव्या शतकातील थडग्यावर पती-पत्नीच्या मूर्तींमध्ये तलवार कोरलेली आहे. चामखीळ जावी म्हणून लोक तिथे टाचण्या ठेवतात. नवसाची रीत आपल्याकडचीच वाटते.