१५ नॅनोमीटरच्या पॉलिस्टायरीन थराचे काचसंक्रमण तापमान २० अंशांनी कमी का येते?

वेफरवाली:

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पॉलिस्टायरीनच्या पातळ थरांवर काम करत आहे. टोल्युइनमध्ये विरघळवलेले पॉलिस्टायरीन सिलिकॉनच्या वेफरवर (पातळ चकतीवर) स्पिन कोटरने, म्हणजे चकती वेगाने फिरवून, पसरवायचे आणि तापमान बदलत असताना थराची जाडी एलिप्सोमीटरने (परावर्तित प्रकाशावरून जाडी सांगणाऱ्या उपकरणाने) मोजायची, अशी पद्धत आहे. जाडी व तापमान यांचा आलेख काढला की वेगवेगळ्या चढाच्या दोन रेषा मिळतात आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात ते काचसंक्रमण तापमान धरतात, म्हणजे ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखे कडक असते आणि वर मऊ होते ते तापमान. १५० नॅनोमीटरच्या थरात ते १०० °से. येते, म्हणजे जाड नमुन्याइतकेच. परंतु १५ नॅनोमीटरच्या थरात, जो वेफरवर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, ते ८० °से. आले.

माझ्या पॉलिमरचा, म्हणजे त्याच्या लांब साखळीसारख्या रेणूंचा, रेणुभार २ लाख आहे. एवढ्या साखळीचा गुंडाळा साधारण २५ नॅनोमीटर रुंद असतो, म्हणजे थराची जाडी त्याहून कमी आहे. अशा दाटीवाटीत साखळीची हालचाल अवघड होऊन तापमान वाढायला हवे होते, असे मला वाटते. घडले मात्र उलट. माझ्या मार्गदर्शकांना थरात टोल्युइन शिल्लक राहिल्याची शंका आहे. कोणी समजावून सांगेल का?

प्रयोगवही:

तुमच्या मार्गदर्शकांची शंका रास्त आहे, आणि ती आधी दूर केल्याशिवाय पुढे जाऊ नये. टोल्युइनचा थोडासा अंशही साखळ्या सैल करतो व काचसंक्रमण तापमान खाली आणतो. थर निर्वात ओव्हनमध्ये १२० °से.ला ठेवा, मग त्याच थराची जाडी तापवताना न मोजता थंड होत असताना मोजा, आणि हीच फेरी पुन्हा करा. द्रावक निघून जात असेल तर दुसऱ्या फेरीत जाडी घटलेली व छेदबिंदू वर सरकलेला दिसेल. दोन्ही फेऱ्या एकमेकींवर बसल्या तर द्रावकाचा प्रश्न मिटला. प्रत्येक फेरीनंतर थर सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहा. इतका पातळ थर काचसंक्रमणाच्या वर फार वेळ राहिला की वेफरवरून मागे सरू लागतो, गोल भोके पडतात आणि भोकाच्या कडेला पॉलिमरचा उंचवटा जमतो. भोके पडलेल्या थराची जाडी एलिप्सोमीटर सांगतो खरा, पण त्या आकड्याला अर्थ नसतो.

थंड करण्याचा वेगही वहीत लिहून ठेवा. वेग वाढवत नेला की पातळ व जाड थरांतला हा फरक कमी कमी होत जातो, त्यामुळे वेग न सांगता दिलेली दोन तापमाने एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

रेप्टेशन:

तुमचा आकडा मला चुकीचा वाटत नाही. केडी, जोन्स आणि कोरी यांनी १९९४ मध्ये याच पद्धतीने, सिलिकॉनवरच्याच पॉलिस्टायरीनमध्ये ही घट मोजली होती. साधारण ४० नॅनोमीटरच्या खाली ती दिसू लागते आणि १० नॅनोमीटरच्या आसपास २५ अंशांच्या घरात जाते.

दुरुस्त करायला हवी ती तुमची ‘दाटी’ची कल्पना. त्याच प्रयोगात सुमारे १ लाखापासून २९ लाखांपर्यंत रेणुभाराच्या साखळ्या होत्या आणि त्या सगळ्यांमध्ये घट जवळपास सारखीच आली. साखळीचा गुंडाळा दाबला गेल्यामुळे हे घडत असते, तर लांब साखळीला ते कितीतरी जाड थरातच जाणवायला हवे होते. न्यूट्रॉन विकिरणाच्या प्रयोगांतही पातळ थरात साखळीचा आडवा पसारा वाढलेला आढळत नाही. तिची उंची कमी होते, पण ती कडेला पसरत नाही, त्यामुळे शेजारच्या साखळ्यांशी तिची गुंतागुंत तेवढी कमी होते.

खरे कारण हवेकडचा पृष्ठभाग आहे. तिथल्या साखळ्यांच्या खंडांना (छोट्या तुकड्यांना) वरच्या बाजूने शेजारीच नसतात, म्हणून ते आतल्या खंडांपेक्षा कमी तापमानाला हलू लागतात, आणि ही मोकळीक काही नॅनोमीटर खोलवर झिरपते. १५० नॅनोमीटरच्या थरात हा भाग नगण्य असतो, १५ नॅनोमीटरमध्ये तो मोठा हिस्सा व्यापतो. एलिसन आणि टॉर्केलसन यांनी २००३ मध्ये जाड थराच्या फक्त वरच्या १४ नॅनोमीटरमध्ये प्रतिदीप्त खूण घातलेले पॉलिमर ठेवले, तेव्हा तेवढ्याच भागाचे काचसंक्रमण तापमान ३२ अंशांनी कमी आढळले.

खालचा पृष्ठभागही आपले म्हणणे मांडतो. पॉलिमिथिल मेथाक्रिलेट या दुसऱ्या पॉलिमरचे रेणू सिलिकॉनवरच्या ऑक्साइडशी हायड्रोजन बंध जोडतात, आणि तिथे पातळ थराचे तापमान घटण्याऐवजी वाढते. सोन्यावर तेच पॉलिमर उलट वागते. एका दिवसात करता येण्याजोगा हा प्रयोग तुमच्या प्रबंधात असावा असे मला मनापासून वाटते.

तुमच्या मूळ कल्पनेला मात्र एक जागा आहे. दोन्ही बाजू हवेत असलेल्या, आधाराविना ताणलेल्या थरांत ही घट ७० अंशांपर्यंत मोजली गेली आहे, आणि साखळ्या पुरेशा लांब असतील तर ती रेणुभारावर अवलंबून असते. त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी पृष्ठभागाला टेकलेल्या साखळीचा मधला भाग स्वतःच्या वाटेने सरकतो असे स्पष्टीकरण सुचवले; सर्वांना पटलेले उत्तर अजून नाही.

सर्पिल:

साखळीच दाबली गेल्याचे स्वच्छ उदाहरण पाहायचे असेल तर नॅनोनलिकेतला डीएनए पाहावा. लॅम्डा विषाणूच्या डीएनएत बेसच्या ४८,५०२ जोड्या असतात, त्याची पूर्ण लांबी सुमारे १६ मायक्रोमीटर, पण पाण्यात तो दीड मायक्रोमीटरच्या आसपासचा गोळा होऊन राहतो. १०० नॅनोमीटर रुंदीच्या नलिकेत शिरला की त्याला उलगडावेच लागते, आणि मग त्याचा पसारा साखळीच्या लांबीच्या थेट प्रमाणात वाढतो. मोकळ्या गोळ्यात असे प्रमाण नसते. इथे एकच साखळी भिंतींशी झुंजते. आपल्या थरात प्रत्येक साखळीभोवती दुसऱ्या साखळ्या आहेत, हा भेद लक्षात ठेवावा.

वेफरवाली:

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. थर रात्रभर निर्वात ओव्हनमध्ये ठेवून दोन फेऱ्या घेतल्या: ८० आणि ८१ °से., जाडीत फरक नाही. पहिल्या थराच्या कडेला तीन-चार भोके दिसली, म्हणून तो बाजूला ठेवून नव्या थरावर मोजणी केली. ९ लाख रेणुभाराचे पॉलिस्टायरीन शेजारच्या गटाकडून मिळाले. १५ नॅनोमीटरला त्याचेही ८० °से. आले. पॉलिमिथिल मेथाक्रिलेटचे द्रावण आज गाळून ठेवले आहे. सोन्याचा लेप दिलेले वेफर मिळाले की दोन्ही पृष्ठभागांवर एकाच वेगाने मोजते आणि आलेख इथे टाकते.