भाव नको, पट बघा

काका, ‘एनव्हिडिया एवढा चढला म्हणजे फुगाच’ हे एआयच्या चिपा बनवणाऱ्या या अमेरिकन कंपनीच्या शेअरबद्दलचं तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. तिचा निव्वळ नफा आर्थिक वर्ष २०२३ मध्ये साधारण ४.४ अब्ज डॉलर होता, २०२५ मध्ये जवळपास ७३ अब्ज. भावामागे कमाई आहे. माझी धाकधूक वेगळी आहे: चिपा घेणारी बडी गिऱ्हाईकं मोजकीच, त्यांनी हात आखडला तर?

आणि कंपनी उत्तम म्हणून कुठलाही भाव योग्य, असंही नाही. आपल्या इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ बाजारात वर्षाला १० लाख सुटणारा गाळा कुणी ६ कोटींना, म्हणजे नफ्याच्या साठपटीला घेतला, तर तुम्हीच त्याला वेड्यात काढाल. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टचा शेअरही वार्षिक नफ्याच्या साठपटीच्या वर होता. कंपनी बुडाली नाही, नफाही पुढे कितीतरी वाढला, पण तो भाव परत दिसायला २०१६ उजाडलं! (लाभांश सोडून, तेवढी सूट द्या.)

मी स्वतः विकलेलं नाही. नॅस्डॅक फंडातली (अमेरिकी, बहुतेक टेक कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, चालू आहे, एकरकमी मात्र काही टाकत नाही. आमच्या राजवाड्याजवळच्या मित्रमंडळींना हे भित्रेपणाचं वाटतं. वाटू दे.