मदत हवी आहे: पोळ्याच्या व्हिडिओत अक्षरं बैलांच्या मागं टाकायची आहेत, पण पांढऱ्या बैलाले भोकं पडून राहिली

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. पोळ्याले मारोतीच्या देवळासमोर तोरण लागते, झडत्या (पोळ्याची यमकातली गाणी) होतात अन् मग एकेक जोडी तोरणाखालून निघते, त्याचा व्हिडिओ बनवून राहिलो. देवळाच्या चुन्यानं पोतलेल्या भिंतीवर 'पोळा' अशी मोठी भगवी अक्षरं पायजेत अन् बैल त्याच्या समोरून गेले पायजेत, म्हणजे पाहणाऱ्याले वाटलं पायजे की पेंटर बोलावून भिंतच रंगवली.

मोबाईल ट्रायपॉडवर, खाली विटा बांधून, फोकस-एक्स्पोजर-व्हाइट बॅलन्स सगळं लॉक. जोड्या यायच्या आधी रिकाम्या जागेचा शॉट घेऊन ठेवला. डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकटवालं आहे (आपोआप बैल कापून देणारा मॅजिक मास्क पैसेवाल्या स्टुडिओतच आहे, ते सांगू नका), त्यात फ्युजन या इफेक्टवाल्या भागात डिफरन्स कीयर (दोन शॉटमधला फरक पाहून बैल वेगळे काढणारं टूल) घेतला, नारंगी टोकाले रिकामा शॉट, हिरव्याले बैलांचा. खाली मूळ व्हिडिओ, मधात अक्षरं, वर कीयरमधून निघालेले बैल.

आता झालं असं की जोडी गवळाऊ जातीची, पांढरीफट्ट, अन् भिंतही पांढरी. शिंगं, बाशिंग, झूल मस्त निघते, पण वशिंड अन् मानेले भोकं पडतात अन् त्यातून भगवं अक्षर डोकावते. थ्रेशोल्ड (किती फरक असला की बैल समजायचं तो आकडा) खाली घेतला तर भिंतभर मुंग्या वळवळतात. त्यात संध्याकाळी ढग आले, मग काय, भिंतच बैल झाली. सावलीही बैलासोबत कापली जाते, म्हणून सावली पडते तिथं अक्षर गायब. तोरणाचा तर वेगळाच ताप, अक्षर तोरणाच्या समोर येते. हातानं एकेक फ्रेम कापत बसलो तर घुंगरमाळा अन् कासरे कापता कापता पुढचा पोळा येईल. कोनी केलं असन तर सांगा ना भाऊ.

प्रतिसाद:
भाऊ, कीयर फक्त वजाबाकी करतो, बैलाच्या पिक्सेलमधून भिंतीचा पिक्सेल वजा. पांढऱ्यातून पांढरं गेलं की हाती शून्य, त्याला तो तरी काय करणार. पण एक बघा, तुमच्या खाली मूळ व्हिडिओ आहेच, म्हणजे कापलेला बैल फक्त अक्षर आहे तिथंच लागतो. बाकी मास्क (काय कापायचं त्याचा साचा) कितीही फाटका असला तरी दिसणार नाही. अक्षराच्या चौकटीभोवती पॉलिगॉन मास्क (हातानं बिंदू देऊन आखलेला) टाका आणि थ्रेशोल्ड तेवढ्या जागेपुरताच जुळवा. जमलं तर अक्षरं थोडी वर घ्या, वशिंडाऐवजी शिंगं अन् बाशिंग मधात येतील असं, ती तर आपसूक निघतात.

मुंग्या म्हणजे नॉइज, चित्रातले वळवळणारे ठिपके. रिकाम्या शॉटची एकच फ्रेम वापरू नका, त्या शॉटच्या बऱ्याच फ्रेमची सरासरी काढून एक स्वच्छ चित्र करा. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी टीमिक्स फिल्टर आहे, फुकट. मोबाईलच्या नेहमीच्या फाइलमध्ये रंगाची माहिती उभी-आडवी अर्धीच असते, म्हणून कडा करवतीसारखी दिसेल, तिथं मास्कला किंचित ब्लर द्या.

प्रतिसाद:
ढगाचं सांगतो. आधी घेतलेला रिकामा शॉट सोडून द्या, जोड्यांच्या क्लिपमधूनच काढा. दोन जोड्यांच्या मधात भिंत उघडी पडतेच ना? ठरावीक अंतरानं फ्रेम काढायच्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मिडियन (ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यायचा. एखाद्या पिक्सेलवर अर्ध्याहून जास्त वेळ भिंत असेल तर मिडियनमध्ये भिंतच उरते, बैल उडून जातात. एफएफएमपेगमध्ये टीमीडियन आहे. ढग येण्याआधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन काढा, प्रकाश ज्याचा त्याला जुळतो. एखादी जोडी झडत्यांसाठी तिथंच उभी ठाकली असेल तर तेवढ्या फ्रेम घेऊ नका.

सावलीसाठी वजाबाकी नको, भागाकार करा. बैलांचा शॉट भागिले रिकामा शॉट. सावली नाही तिथं उत्तर १, सावलीत १ पेक्षा कमी. हा आकडा अक्षराच्या रंगाला गुणला की अक्षरावर सावली पडते आणि ते खरंच भिंतीवर असल्यासारखं दिसतं. फक्त मास्कमधून सावली वगळावी लागेल. अक्षरापर्यंत सावली येत असेल तितक्याच वेळापुरतं हातानं करा, सगळ्या क्लिपला नको.

धागाकर्ता:
मिडियनवालं भारी निघालं राजेहो! मधात माणसं उभी होती तरी बरोबर भिंत निघाली, फक्त एका कोपऱ्यात पानठेल्यावाला बसूनच होता तो काही हलला नाही, पण अक्षर तिथं नाही त्यामुळे बसू दे. वशिंड अजूनही थोडं फाटते पण अक्षर वर घेतल्यानं झाकलं. तोरणाचं मात्र काही जमेना, ते रिकाम्या शॉटमध्येही लटकूनच आहे, मग वजाबाकीत दिसणारच कसं?

प्रतिसाद:
बरोबर, दोन्हीकडे आहे ते कीयरला नसल्यासारखंच. त्याचा वेगळा लेयर करा. आंब्याची पानं हिरवी, भिंत पांढरी, त्यामुळे साध्या क्रोमा कीयरनं (निवडलेला रंग काढून टाकणारं टूल) पानं उचलता येतील, निवड उलटी करायला विसरू नका. दोरी तेवढी पॉलिगॉननं काढा, वाऱ्यानं हलत असेल तर दर काही फ्रेमला की-फ्रेम, म्हणजे त्याची जागा नव्यानं ठरवायची. हा लेयर सगळ्यात वर ठेवा, बैलांच्याही वर, कारण तोरण तुमच्या कॅमेऱ्याच्या बाजूनं आहे ना? नसेल तर बैलांच्या खाली.

धागाकर्ता:
कॅमेऱ्याच्या बाजूनंच आहे. आज रात्री लाइन राहिली तर करून पाहतो अन् इथंच टाकतो.