मदत हवी आहे: आत्याचे इंग्लंडमधले चांदीचे दागिने, छाप कसे वाचायचे आणि किंमत कशी ठरवायची?

माझी आत्या साठच्या दशकात नर्स म्हणून बर्मिंगहॅमला गेली आणि निवृत्तीनंतर नाशिकला परतली. ती गेल्यावर तिचा डबा आम्हा भाच्यांकडे आला. सोन्याची वाटणी झाली, प्रश्न चांदीचा आहे. इथल्या एका सराफाने सगळे डाग एकत्र काट्यावर टाकले, "टंच कमी आहे, मोडीतच जाईल," म्हणाला आणि वजनावर आकडा सांगितला. मला ते पटत नाही. आत्याने या वस्तू पगारातून पैसे बाजूला टाकून घेतल्या होत्या. त्या काय आहेत हे कळल्याशिवाय एकही वितळू द्यायची नाही.

एक साखळीचं ब्रेसलेट आहे. त्याच्या प्रत्येक कडीवर चालणारा सिंह उमटवलाय, कुलूप बदामाच्या आकाराचं आहे आणि त्याला घंटा, बूट, चहाची किटली अशी लोंबती खेळणी लावली आहेत. काही खेळण्यांवर छापच नाही. दुसरं, उघडझाप होणारं नक्षीचं कडं. आत जहाजाचा नांगर, सिंह आणि एक अक्षर. तिसरा निळ्या-हिरव्या मिन्याचा ब्रोच. त्याच्या मागे 'सी. एच.' आणि तलवारीभोवती गव्हाच्या तीन पेंढ्या दिसतात. शिवाय एक अंगठी, तिच्यावर फक्त '९२५'.

ब्रोच कुणी घडवला असेल? वाटणीसाठी न्याय्य किंमत कशी काढू? आणि सगळं काळं पडलंय, घासू का?

प्रतिसाद १

ताई, आधी ब्रोच बाजूला काढा! पेंढ्या आणि तलवार हा इंग्लंडमधल्या चेस्टर शहराच्या, सोन्या-चांदीचा कस तपासून छाप मारणाऱ्या कचेरीचा छाप. ती कचेरी 1962 मध्ये बंद झाली, म्हणजे ब्रोच त्याआधीचा. हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर कंपनीची 'सी. एच.' ही खूण आणि मिन्याचे ब्रोच प्रसिद्ध आहेत, त्यांचा बराच माल चेस्टरला तपासला जाई. मात्र तीच आद्याक्षरं इतरांचीही असू शकतात, म्हणून अक्षरांभोवतीची चौकट जुळवून बघा. ते नक्की ठरलं तर या ब्रोचला वजनाचा भाव लावणं अन्यायच आहे. मिना कुठे उडालाय का ते भिंगातून पाहा, किंमत त्यावर फार हलते.

नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची कचेरी, चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग: हजारात 925 भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. तांब्यामुळे ती टणक होते. इथे शुद्ध चांदीची सवय, म्हणून सराफाला टंच कमी वाटला. अक्षर वर्षाचं असतं, पण नुसत्या अक्षरावर जाऊ नका. तीच अक्षरं वर्णमालेच्या दर फेरीत परत येतात, लिपी आणि ढालीचा आकार तेवढा बदलतो. 1975 पासून मात्र सगळ्या कचेऱ्यांचं अक्षर एकच झालं.

प्रतिसाद २

छाप नसलेली खेळणी खोटी समजू नका. 1975 पासूनच्या नियमात 7.78 ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला छापाची सक्ती नाही. अंगठीचं उलट आहे. नुसता '९२५' कुणीही ठोकू शकतो, मुलाम्यावरसुद्धा. ती यंत्रावर तपासून घ्या, पण यंत्र वरचा थरच वाचतं हे लक्षात असू द्या. ब्रोच कसोटीवर घासू देऊ नका.

किंमत दोन पायऱ्यांनी काढा. वजन गुणिले 0.925 गुणिले त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा दर, ही तळाची रक्कम. यात ब्रोचची पोलादी टाचणी आणि मिना धरू नका. मग तशाच वस्तू लिलावात प्रत्यक्ष कितीला *विकल्या* गेल्या ते बघा. विक्रेत्यांनी लावलेल्या किमती काहीही असतात. ब्रेसलेट अख्खं ठेवा, खेळणी सुटी करून वाटू नका.

काळेपणा तसाच राहू द्या. नक्षीच्या खोबणीतला काळा रंगच ती उठून दाखवतो. आणि मिन्याला चांदी धुवायचं रसायन तर अजिबात नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भावंडांना कळवलं, मोड थांबवली आहे. ब्रोचच्या अक्षरांची चौकट तिरप्या कोपऱ्यांची दिसतेय. कड्यातलं नांगराशेजारचं अक्षर लहान लिपीतलं आहे, पण झिजल्यामुळे 'ए' की 'ओ' ते ठरत नाही. उद्या दिवसाउजेडी फोटो काढून टाकते. बर्मिंगहॅमच्या अक्षरांचा तक्ता कुणाकडे असेल तर कृपया जुळवून सांगा.